हार्ड डिस्क : निगा व राखीव प्रती

वीजपुरवठा बंद असतानाही संगणकातील माहिती टिकवून ठेवणारे चुंबकीय साधन. आय. बी. एम. कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर अशी डिस्क प्रथम वापरात आणली. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून सु. ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीची पाच मेगाबाइट क्षमतेची लहान डिस्क निघाल्यावर हे साधन वैयक्तिक संगणकाच्या आटोक्यात आले. आज तळहाताएवढ्या डिस्कवर अनेक टेराबाइट माहिती राहते. त्यामुळे एका बिघाडाने होणारी हानीही त्याच प्रमाणात वाढली आहे.

रचना व बिघाड : काचेच्या किंवा ॲल्युमिनियमाच्या तबकड्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती लिहिणारे व वाचणारे शीर्ष त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या पापुद्र्यावर तरंगते. चालू डिस्कला धक्का बसल्यास ते तबकडीवर आदळून थर खरवडला जातो व त्या जागेवरील माहिती कायमची नष्ट होते. लेखन चालू असताना वीज गेल्यास फाइलींची नोंद विस्कटते. घन-अवस्था डिस्कमध्ये हलणारे भाग नसतात. परंतु तिच्या स्मृतिघटकांवर मर्यादित वेळाच लिहिता येते आणि ती अनेकदा पूर्वसूचनेविना बंद पडते.

निगा : पुणे–लोणावळा लोहमार्गावरील कामशेत व एकूणच मावळ भागात पावसाळ्याचे चार महिने हवा अतिशय दमट असते. बहुतेक डिस्कांच्या पेटीला गाळणी लावलेले श्वासछिद्र असते. गाळणीमुळे धूळ अडते; बाष्प मात्र पूर्णपणे अडत नाही. म्हणून संगणक ओल आलेल्या भिंतीलगत किंवा जमिनीवर ठेवू नये. वापरात नसलेली डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. थंड जागेतून आणलेली डिस्क खोलीच्या तापमानास आल्यावरच जोडावी. अन्यथा तिच्यावर दव धरते. वीज गेल्यावर काही मिनिटे पुरवठा चालू ठेवणारा यूपीएस असल्यास संगणक रीतसर बंद करता येतो. डिस्कच्या ‘स्मार्ट’ या स्वयंपरीक्षणात निकामी होऊन बदललेल्या विभागांची संख्या वाढत असल्यास प्रथम प्रत काढावी, मग दुरुस्तीचा विचार करावा. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास ती तत्काळ बंद करावी. घरी उघडू नये.

राखीव प्रती : निगेमुळे बिघाड लांबतो, टळत नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा संकेत रूढ आहे. कामशेतच्या घरातील संगणक व त्याच टेबलावरील बाह्य डिस्क या दोन्ही एकाच चोरीत, आगीत किंवा पुरात जाऊ शकतात. एक प्रत पुण्यातील नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणसेवेत असल्यास ती वाचते. दोन डिस्कांवर एकाच वेळी लेखन करणारी योजना राखीव प्रतीची जागा घेत नाही. कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते. खंडणीखोर आज्ञावली जोडलेल्या सर्व डिस्कांवरील फाइली कुलूपबंद करते, म्हणून एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. फाइली परत उघडून पाहिल्याखेरीज प्रत विश्वसनीय मानू नये.

मराठी मजकूर : श्री-लिपी, आकृती इत्यादींच्या जुन्या टंकांत अक्षरांना त्या त्या टंकापुरते संकेतांक असत. देवनागरीचा समावेश १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत झाला. तरी छपाईच्या कामात जुने टंक पुढेही दीर्घकाळ चालू राहिले. अशा फाइलीची प्रत सुरक्षित असूनही टंक हरवला, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते व कुलवृत्तांत यांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. त्यांच्या मूळ फाइलींबरोबर टंक, युनिकोडमध्ये रूपांतरित मजकूर व पीडीएफ प्रत जपून ठेवावी. माहिती टिकली, पण वाचता आली नाही, तर ती गमावल्यासारखीच होय.