पॉइंट टू-टूचं दशक

डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला. आता शस्त्रांवर निर्बंध येणार या धास्तीने अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर उड्या पडल्या. बाकीची काडतुसं हळूहळू दुकानांच्या फळ्यांवर परतली, पण .२२ लाँग रायफल परतायचं नाव घेईना. सगळ्यांत स्वस्त, मुलांना नेम धरायला शिकवताना हाताशी असणारं हे काडतूस पुढची दोन-तीन वर्षं मिळेल तिथून उचललं जात होतं. दुकान उघडायच्या आधीच रांगा लागत आणि माणशी एक-दोन डब्यांवर बोळवण होई. पुढे काही वर्षांतच याच काडतुसाभोवती एक नवा स्पर्धाप्रकार उभा राहिला. नवशिक्याने रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यावर दुर्बीण कोणती बसवावी, या प्रश्नाचं उत्तर त्यानंतर पार बदलून गेलं.

काडतूस स्वतः फार जुनं. मॅसॅच्युसेट्समधल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ मध्ये आणलं. पेट घेणारं रसायन पितळी नळकांड्याच्या कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, म्हणून ते रिमफायर. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, नळीची झीज अगदी मंद. सव्वाशेहून अधिक वर्षांत काडतुसाच्या मूळ रचनेत कुणाला फारसा बदल करावासा वाटला नाही.

बदलल्या त्या रायफली. टंचाईआधीच्या अर्धशतकात अमेरिकेतल्या नवशिक्याचं उत्तर ठरलेलं होतं : रुगर १०/२२. १९६४ पासून बनणारी ही अर्धस्वयंचलित रायफल हलकी, टिकाऊ आणि स्वस्त. तिचं दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझिन दस्त्यात अंगाबरोबर बसतं. मार्लिन मॉडेल ६० आणि सॅव्हेजच्या बोल्ट रायफलीही घरोघर होत्या. त्यांच्यावर बसवलेली दुर्बीण बहुधा रायफलीसोबत फुकट आलेली असे. डबे पाडायला, ससे मारायला, २५ यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर सराव करायला एवढं पुरत होतं, आणि त्यापलीकडे कुणी फारसं काही मागतही नव्हतं.

मागणी आली ती मोठ्या रायफलींच्या स्पर्धांतून. २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रिसिजन रायफल सिरीजने लांब पल्ल्याच्या नेमबाजीला वेगळं वळण दिलं. नेमबाजाने पोटावर निवांत पडून एकाच लक्ष्यावर गोळ्या झाडायच्या नाहीत. घड्याळ चालू असताना अडथळ्यांवर, छपराच्या उतारावर, दोरखंडावर रायफल टेकवायची आणि वेगवेगळ्या अंतरांवरच्या पोलादी पट्ट्या टिपायच्या. खेळ रंगला, पण खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. वेगवान ६ मिलिमीटर काडतुसाची नळी दोन हजारांच्या आसपास गोळ्यांत उतरणीला लागते. हजार यार्डांचं मैदान सगळ्यांच्या गावाजवळ नसतं, आणि जिथे असतं तिथे पोहोचायलाच सुट्टीचा अर्धा दिवस जातो. मग सरावासाठी लोक .२२ कडे वळले. ती १०० यार्डांवरच वाऱ्याचा आणि घसरणीचा असा हिशेब मागते, जो मोठ्या रायफलीला कितीतरी पुढे गेल्यावर करावा लागतो.

हा हिशेब थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर अवलंबून आहे. सेकंदाला सुमारे १०७० फूट वेगाने निघणारी साधी .२२ गोळी ५० यार्डांवर नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण जुळवून घेतली, तर १०० यार्डांवर ती सहा-सात इंच खाली लागते. २०० यार्डांवर साडेतीन फुटांच्या आसपास आणि ३०० यार्डांवर जवळजवळ दहा फूट. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला १०० यार्डांतच सुमारे चार इंच ढकलतो. म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या मैदानावरही नेमबाजाला वारा वाचावा लागतो आणि दुर्बिणीची चकती फिरवावी लागते. अंदाज चुकला तर गोळी पट्टीच्या शेजारची माती उडवते, आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसतं. शिकण्यासाठी याहून चांगली सोय क्वचितच सापडेल.

२०१७ च्या सुमारास नॅशनल रायफल लीगने एनआरएल-२२ हा मासिक स्पर्धाक्रम सुरू केला आणि विखुरलेला सराव एका छत्राखाली आला. कल्पना साधी होती. दर महिन्याला एकच स्पर्धा-आराखडा सगळ्या क्लबांना पाठवायचा, म्हणजे टेक्सासमधल्या आणि ओरेगनमधल्या नेमबाजाचे गुण एकाच तक्त्यात मोजता येतील. अंतर १०० यार्डांपर्यंत. बहुतेक टप्प्यांना १२० सेकंद. रायफल टेकवायला शिडी, बादली, खुर्ची, जुना टायर, सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कुठल्याही क्लबच्या आवारात पडलेल्या वस्तू. आणि लक्ष्यांत ओळीने लहान होत जाणाऱ्या पोलादी चकत्या, शेवटची जवळपास शर्टाच्या बटणाएवढी.

या आयोजकांनी घेतलेला एक निर्णय मात्र सगळ्यांत मोलाचा ठरला. त्यांनी 'बेस' नावाचा गट ठेवला, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यात रायफल आणि दुर्बीण मिळून छापील किंमत १०५० डॉलरच्या वर जायला मनाई होती. पैशाने गुण विकत घेता येऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. पण या एका आकड्याने नवशिक्याच्या खरेदीला शिस्त लावली. समोर ठरलेली रक्कम आहे, ती रायफल आणि दुर्बीण यांच्यात कशी वाटायची?

पहिल्या हंगामांत बहुतेकांनी ती चुकीची वाटली. जवळजवळ सगळे पैसे रायफलीत घातले आणि उरलेल्यात मिळेल ती दुर्बीण घेतली. ५० यार्डांवर टेबलावरून गोळ्यांचा छान गुच्छ जमवणाऱ्या या रायफली शिडीच्या पायरीवर टेकल्या की फसू लागल्या. शिकारीच्या दुर्बिणीत पॅरालॅक्स बहुधा १०० यार्डांवर किंवा त्याहून दूर बसवलेला असतो. तो बदलता आला नाही, तर २५-३० यार्डांवर चित्र धूसर होतं आणि डोळा किंचित हलला तरी फुली लक्ष्यावरून सरकते. बटणाएवढ्या चकतीवर तेवढ्याने नेम चुकतो. म्हणून जवळच्या अंतरापर्यंत, शक्यतो २५ यार्डांच्याही आत, पॅरालॅक्स जुळवता येणं ही नवशिक्याच्या दुर्बिणीची पहिली अट झाली. काचेची चमक आणि कंपनीचं नाव यांचा विचार त्यानंतर.

दुसरी अट दुर्बिणीच्या चकत्यांची. वर-खाली फिरवून पुन्हा शून्यावर आणलं तर फुली नेमकी जुन्या जागी आली पाहिजे. स्वस्त दुर्बिणी इथेच दगा देतात. हे तपासायची जुनी रीत अजूनही उत्तम आहे : उंच कागदावर ओळंब्याने सरळ रेघ आखायची, चकती ठरावीक अंतर फिरवायची आणि गोळी तेवढीच वर सरकते का ते पाहायचं. चकतीचं माप आणि आतल्या रेघांचं माप कोन मोजणाऱ्या एकाच एककात हवं, मिल तर मिल, एमओए तर एमओए. जुन्या कित्येक दुर्बिणींत रेघा मिलच्या आणि चकती एमओएची असे, आणि घड्याळ चालू असताना डोक्यात गुणाकार करत बसावं लागे. पहिल्या फोकल प्लेनमधल्या दुर्बिणीत विवर्धन कितीही ठेवलं तरी रेघांचं माप तेच राहतं. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये ते फक्त एका ठरावीक विवर्धनावर खरं असतं. पहिल्या प्रकारच्या चांगल्या दुर्बिणी एकेकाळी हजार डॉलरच्या पुढेच मिळत. अॅथलॉनची आर्गोस आणि २०१९ मध्ये आलेली व्होर्टेक्सची डायमंडबॅक टॅक्टिकल यांनी ही सोय चारशे डॉलरच्या आसपास आणून ठेवली. गेल्या दशकात नवशिक्यासाठी याहून महत्त्वाचं काही घडलं असेल असं वाटत नाही.

विवर्धनाच्या आकड्यालाही लोक भुलले. चोवीसपट दिसणारी दुर्बीण दुकानात प्रभावी वाटते, पण डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पाठीवर रायफल टेकवून चोवीसपटीत लक्ष्य शोधायला गेलं की दहा सेकंद तिथेच जातात. अनुभवी मंडळी आठ ते बारापटीवर खेळताना दिसतात.

रायफल बनवणाऱ्यांनीही वारं ओळखलं. चेक प्रजासत्ताकातल्या उहर्स्की ब्रोद इथल्या सीझेडची ४५५ तोवर नवशिक्यांची लाडकी होती. नळी उत्तम आणि बदलता येणारी, पण बोल्टचा दांडा ९० अंश उचलावा लागे आणि दुर्बिणीच्या जाड मागच्या टोकाला हात अडखळे. २०१९ च्या सुमारास बाजारात आलेल्या ४५७ मध्ये तो ६० अंशांवर आला. फिनलंडच्या टिक्काने २०१८ मध्ये टी१एक्स आणली. तिची बैठक थोरल्या टी३एक्ससारखीच, म्हणून मोठ्या रायफलीचे दस्ते तिला बसतात. किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असल्यामुळे बेस गटात दुर्बिणीसाठी निम्मे पैसे शिल्लक राहत. रुगर प्रिसिजन रिमफायर आली ती थेट या खेळासाठी बेतलेली : लांबी-उंची जुळवता येणारा दस्ता, मोठ्या रायफलीइतका लांब करता येणारा बोल्टचा प्रवास आणि वर दुर्बीण बसवायला ३० एमओए उताराची पट्टी.

या उताराचं महत्त्व नवशिक्याला उशिरा कळतं. समजा दुर्बिणीत वर-खाली मिळून ६० एमओए फिरण्याची सोय आहे. सपाट पट्टीवर बसवली तर त्यातली निम्मीच, ३० एमओए, उपयोगी पडते. ३०० यार्डांवर .२२ ला मात्र चाळिसाच्या आसपास एमओए लागतात, म्हणजे चकती मधेच संपते. पट्टी पुढच्या बाजूला उतरती असली की वाया जाणारा निम्मा भाग कामाला येतो. कमी पैशांत इतका फरक करणारा दुसरा भाग रायफलीवर नाही.

याच काळात दुसरं टोकही उभं राहिलं. २०१७ च्या सुमारास यूटातल्या व्हूडू कंपनीने रेमिंग्टन ७०० च्या मापात .२२ ची बोल्ट यंत्रणा आणली. तिची पूर्ण रायफल हजारो डॉलरच्या घरात गेली. बर्गाराची बी-१४आर २०२० मध्ये त्याच मापात बऱ्याच कमी किमतीला आली. मैदानावर आता चार-पाच हजारांची जोडणी घेऊन येणारे दिसू लागले. कारागिरी म्हणून त्या रायफलींना दाद द्यायलाच हवी. पण खेळाचं चित्र त्यांच्या छायाचित्रांनी व्यापलं आणि कित्येक नवशिके आपली रायफल कमी पडते म्हणून बिचकले, हे नुकसानही खरं.

कमी पडत होतं ते बहुधा काडतूस. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ४० फुटांचा फरक असला, तर ५० यार्डांवर तो जेमतेम पाव इंचाचा, आणि २०० यार्डांवर ढोबळमानाने चार-पाच इंचांचा. वेगवान 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसं आवाजाच्या वेगाहून जोरात निघतात आणि वाटेतच त्या वेगाच्या खाली येताना डळमळतात, म्हणून लक्ष्यासाठी मंद काडतुसंच बरी. आयडाहोतल्या सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा जर्मनीतल्या शोनेबेकची एसके यांनी सुरुवात करावी, दोन-तीन प्रकार आपल्या रायफलीत तपासावेत आणि जमेल तो एकाच लॉटचा साठवावा, असा सल्ला अनुभवी नेमबाज देतात. काडतुसं बनवणाऱ्या लापुआच्या अॅरिझोनातल्या मेसा इथल्या केंद्रात तर रायफल पकडीत आवळून वेगवेगळे लॉट झाडून पाहायची सोय आहे. २०२० च्या महासाथीत काडतुसं पुन्हा गायब झाली, तेव्हा आधीची टंचाई लक्षात ठेवून साठा केलेल्यांचाच सराव चालू राहिला.

महाराष्ट्राचं .२२ शी नातं निराळ्या वाटेने आलं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य जिंकलं. काडतूस तेच, पण दुर्बिणीला तिथे मनाई. बारीक भोकातून पाहून १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर नेम धरायचा. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांमुळे रायफल बाळगण्याचा रस्ता परवाना आणि रायफल संघटनेतून जातो, म्हणून आपल्याकडे .२२ हातात येते ती बहुतेकदा याच शिस्तीत. पण मेसात लॉट तपासणारा अमेरिकन आणि ५० मीटरच्या लेनवरचा कोल्हापुरी नेमबाज यांची चिंता एकच असते : या डब्यातली पुढची गोळी मागच्याच जागी लागेल का.

अमेरिकेत एव्हाना पल्ला आणखी वाढला आहे. एनआरएल-२२एक्स आणि प्रिसिजन रायफल सिरीजच्या रिमफायर मालिकेत लक्ष्यं ३०० यार्डांपर्यंत आणि त्यापुढेही लागतात. तरी मासिक क्लब स्पर्धांमधला नवशिक्या बऱ्याचदा जुनी सीझेड ४५७ किंवा टी१एक्स घेऊन येतो, तिच्यावर उतरती पट्टी आणि पहिल्या फोकल प्लेनची मध्यम किमतीची दुर्बीण बसवतो, आणि उरलेले पैसे एकाच लॉटच्या काडतुसांच्या पेटीत घालतो.