दोन फूट दहा इंच

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर, शेजारच्या घरात फर्निचरचं काम निघालं आणि मला संध्याकाळी तिथे जाऊन उभं राहायची सवयच लागली. घर वन बीएचके, कार्पेट 410 चौरस फूट. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये मोजतात, त्यामुळे वापरायला मिळते ती जागा त्याहून कमीच. राहणारे चौघं: चाकणच्या कंपनीत तीन पाळ्यांत नोकरी करणारा मुलगा, हिंजवडीतल्या ऑफिसचं काम निम्मा आठवडा घरूनच करणारी सून, तिसरीतली नात आणि धाराशिवहून कायमच्या राहायला आलेल्या आजी.

सुनेच्या मोबाइलमध्ये चित्रांचा साठा तयार होता. दिवसा सोफा, रात्री पलंग. दिवसा कपाट, रात्री पलंग. जिन्याच्या प्रत्येक पायरीत ड्रॉवर. हे शेवटचं कशासाठी जपून ठेवलं होतं कोण जाणे, या घरात जिनाच नाही. मिस्त्रींनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली, मोबाइल परत दिला आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरात कोण किती वाजता झोपतं?"

मिस्त्री मूळचे राजस्थानातल्या नागौरकडचे, पण मराठी अस्सल आपल्या भागातलं. माप फूट-इंच-सुतात. आठ सूत म्हणजे इंच, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरानं एक सूत जरी चुकवलं तरी त्यांच्या लक्षात येतं. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी काढली आणि हॉलच्या टाइल्सवर सोफा-कम-बेडचा चौकोन आखला, तोही उघडलेल्या अवस्थेतला. मग आजींना हाक मारली. "माताजी, रात्री दोन वाजलेत समजा. दिवा लावायचा नाही. बाथरूमला जाऊन दाखवा."

आजी दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. सोफा उघडला की त्याचं टोक थेट पॅसेजच्या तोंडावर येत होतं. मध्ये जेमतेम फूटभर फट. आजी म्हणाल्या, "ह्यातून मी नाही जायची बाई." सोफा-कम-बेड तिथल्या तिथे रद्द झाला.

त्याऐवजी खिडकीखाली 6 फूट बाय 3 फुटांचा दिवाण ठरला. रात्री आजी त्यावर आणि नात खाली जमिनीवर गादी टाकून झोपणार. सून जरा हिरमुसली. इतके पैसे घालून शेवटी पोरगी जमिनीवरच? मिस्त्रींचं उत्तर तयार होतं: गादी पायानंसुद्धा बाजूला सरकते, उघडलेला सोफा सरकत नाही. दिवाणाची उंची त्यांनी कुठल्या तक्त्यातून घेतली नाही. रंगाची बादली उपडी ठेवली, आजींना तिच्यावर बसवलं, वर प्लायचे तुकडे एकेक करून चढवत गेले. हात न टेकता आजी उठल्या तिथे टेप लावला. गादी धरून 19 इंच. खालच्या पोकळीत नातीची गादी आणि दोन ड्रॉवर. दिवाणाला वरून झाकण केलं असतं तर एखादी शाल काढायलाही आजींना उठवावं लागलं असतं, म्हणून ड्रॉवर.

बेडरूममध्ये मात्र खरा हिशेब होता. खोली 10 फूट बाय साडेदहा फूट. एका भिंतीला दोन फूट खोल कपाट लावलं की आठ फूट उरतात. पलंग साडेसहा बाय पाचचा, चौकटीसकट 6 फूट 8 इंच बाय 5 फूट 2 इंच. कपाटासमोर लांबीनं ठेवला तर मध्ये 16 इंच उरतात, म्हणजे आडवं होऊन सरकायचं. म्हणून डोकं उत्तरेच्या भिंतीला (वास्तुशास्त्रावरून त्यावर अर्धा तास वाद झाला, तो गाळतो) आणि एक कड दुसऱ्या भिंतीला टेकवून पलंग ठेवायचा. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये उरतात 2 फूट 10 इंच. या जागेत कपाटाचं दार उघडायचं, समोर उभं राहायचं आणि वाकून खालचा ड्रॉवरही ओढायचा. दोन फुटी पल्ला इथे माणसाला पलंगावर ढकलतो. सरकती दारं करावीत तर दोन रुळांसाठी कपाट आणखी तीनेक इंच पुढे येतं, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. मिस्त्रींनी दीड-दीड फुटाचे चार पल्ले केले. बिजागऱ्या जास्त लागल्या, पण उभं राहायला जागा राहिली.

हा सगळा हिशेब पाहताना जुने वाडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथल्या भिंतीच दीड-दोन फूट जाड. फडताळ, कोनाडा, देवळी सगळं त्या जाडीच्या पोटात, खोलीची एक इंचही जमीन न खाता. वर माळा, खाली उतरंड. भिंत चार इंचांवर आली तेव्हा घर मोठं झालं असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात भिंतीत मावणारं सामान खोलीत येऊन उभं राहिलं, आणि त्याच्याखालची जमीन आपण आता चौरस फुटाच्या भावानं विकत घेतो. मुंबईच्या बीडीडी चाळींमध्ये 160 चौरस फुटांत पिढ्या निघाल्या, त्या माळ्याच्या आणि पलंगाखालच्या ट्रंकांच्या जिवावर. तिथे कुणी स्मार्ट फर्निचर म्हणत नव्हतं.

पुनावळं 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता इथे हायवेच्या एका अंगाला शेतं शोधावी लागतात आणि प्लाय-सनमायकाची दुकानं मात्र चालता-चालता सापडतात. 8 बाय 4 चा अख्खा तक्ता आमच्या लिफ्टमध्ये उभा मावत नाही, आणि सोसायटी दुपारी कटर चालवू देत नाही. त्यामुळे कापाकापी दुकानातच. कागदावर मिस्त्रींनी तक्ता कसा फोडला ते बघण्यासारखं होतं. कपाटाची बाजू 7 फूट लांब. रुंदी 24 धरली तर 48 इंचांच्या तक्त्यातून दोन निघतील असं आपल्याला वाटतं, पण करवतीचं पातंही सुतभर लाकूड खातं. म्हणून रुंदी 23. हँगर साधारण 17-18 इंचांचा, त्याला आत 22 इंच मिळाले की पुरे. दोन बाजू काढून उरलेली दीड-पावणेदोन इंचांची पट्टी कपाटाच्या पायाला गेली आणि वरचा फूटभर तुकडा ड्रॉवरच्या बाजूंना. प्लायवर त्यांनी आधी शिक्का पाहिला. सिंकखाली आयएस 710, बाकी सगळीकडे आयएस 303. दुकानदार "सगळं सारखंच असतं साहेब" म्हणत होता, त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

पल्ल्यांना बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका आणि आतून पातळ लायनर. आतला भाग कोण बघतंय म्हणून लायनर वाचवणारे बरेच. पण एकाच बाजूला लॅमिनेट चिकटवलं की पल्ला वर्ष-दोन वर्षांत धनुष्य होतो आणि दार लागेनासं होतं.

हायड्रॉलिक पलंग बसवला तो दिवस करमणुकीचा. झाकणाला दोन्ही बाजूंना गॅसचे पंप, त्यांत दाबाखाली नायट्रोजन. किती जोर लावणार त्याचा आकडा वर न्यूटनमध्ये छापलेला. पंप अडकवले आणि झाकण जे वर गेलं ते खाली यायलाच तयार नाही. हाताखालची दोन्ही पोरं त्यावर लोंबकळली. मी मनातल्या मनात काम फसलं असं धरून बसलो. मिस्त्रींनी नुसती गादी आणायला सांगितली. गादी चढवली आणि झाकण एका हातानं बसलं. पंपाचा जोर झाकण अधिक गादी एवढ्या वजनासाठीच असतो. पातळ गादीसाठी घेतलेल्या पंपावर पुढे जाडजूड गादी टाकली तर तेच झाकण उचलत नाही. शेवटी ते सुनेकडून तीनदा उघडवून-मिटवून घेतलं. मुलाची ताकद मोजण्यात अर्थ नव्हता, कारण रजया काढायची वेळ येईल तेव्हा तो पाळीवर असणार.

ही पाळी त्या घरातल्या प्रत्येक निर्णयात होती. सुनेच्या चित्रांत मर्फी बेड होता, भिंतीत उभा मिटणारा. विल्यम मर्फी नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत तो रूढ केला, एका खोलीच्या बिऱ्हाडासाठी. कल्पना उत्तमच. पण तिसरी पाळी करून सकाळी घरी आलेला माणूस दुपारपर्यंत झोपतो, मग मिटणार कधी? त्याच कारणानं सुनेचं टेबल बेडरूममध्ये नको, तिचे कॉल सकाळीच सुरू होतात. घडीचं फर्निचर एका जागेत दोन कामं करतं, मात्र एका वेळी एकच. दोघांना एकाच वेळी दोन कामं करायची असली की ती चतुराई संपते. जाहिरातीतल्या घरात बहुधा एकच माणूस राहत असतो.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ओटा बिल्डरनं दिलेलाच होता. 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे सव्वासहा फूट बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर आखलं, बाईची पावलं मोजून. आगगाडीच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ते केलं होतं. आमच्या मिस्त्रींनी त्यांचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, पण त्यांनीही आजींना पोळ्या लाटायचा अभिनय करायला लावून कणकेच्या डब्याची ट्रॉली कुठे यावी ते ठरवलं.

राहिलं सुनेचं टेबल. ते हॉलमध्ये, भिंतीवर मिटणारं, 3 फूट बाय दीड फूट. भिंत सिपोरेक्सची. या ब्लॉकमध्ये स्क्रू बसतो लगेच आणि ओढ बसली की निघतोही लगेच. कुणी कोपर टेकून वाकलं तर ब्रॅकेट भिंतीच्या चुऱ्यासकट हातात. म्हणून आधी 18 मिलिमीटर प्लायचा तक्ता लांब फास्टनरनं बऱ्याच ठिकाणी भिंतीला आवळला, वजन वाटून दिलं आणि ब्रॅकेट त्या तक्त्यात बसवले. टेबल मिटलं की भिंतीवरचं सहा इंची खोकं दिसतं, आत लॅपटॉप आणि नातीची वह्या-पुस्तकं. घरातली ही सगळ्यात देखणी वस्तू, यात शंका नाही.

ते बसवताना मिस्त्रींनी जमिनीवर पुन्हा चिकटपट्टी लावली, टेबल उघडं आणि खुर्ची मागे सरकवलेली. सून म्हणाली, "अहो, मी रोज मिटणारच आहे." ते म्हणाले, "ताई, सगळे असंच म्हणतात." आणि दिवाणाची जागा त्यांनी चार इंच पलीकडे सरकवली.

दिवाळीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. टेबल उघडंच होतं. सोमवारी उघडतं, शुक्रवारी रात्री मिटतं, तेही पाहुणे यायचे असले तर. कुणाला अडत नाही, कारण जागा ते उघडं धरूनच सोडलेली आहे. तुम्ही घडीचं काही करून घेणार असाल तर मिस्त्रीला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते उघडलेल्या मापानं जमिनीवर आखा, घरातल्या सगळ्यांना एका रात्री त्यातून चालायला लावा, आणि मगच ऑर्डर द्या. चिकटपट्टीचं रीळ हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं.