जुन्या फियाटची वायरिंग झाकताय? आधी सुधारा, मग लपवा; बॉनेटखालचा एक चुकीचा जोड गाडी पेटवू शकतो

एखाद्या वाड्याच्या पडवीत, शेतातल्या शेडमध्ये किंवा गॅरेजच्या मागच्या बाजूला आजही एखादी जुनी फियाट उभी दिसते. कागदावर नाव ‘प्रीमियर पद्मिनी’, पण गावात ती फियाटच. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी एकेकाळी डॉक्टर, व्यापारी, साखर कारखान्याचे अधिकारी यांच्या दारात असायची. मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली आणि लोकांना या गाडीची पुन्हा आठवण आली. आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची, लग्नात नवरदेवाला त्यातून न्यायचं, अशी हौस अनेकांना असते.

मग रंगकाम होतं, सीट कव्हर बदलतं, क्रोमच्या पट्ट्या चमकतात. पण बॉनेट उघडलं की सगळी शोभा जाते. लाल, पिवळ्या, काळ्या वायरी लोंबकळताहेत, जागोजागी टेप गुंडाळलेली, कुठे घरातली वायर जोडलेली. तेव्हा मालक मिस्त्रीला सांगतो, ‘‘हे सगळं झाकून टाक, दिसायला नको.’’ धोका इथूनच सुरू होतो.

पसारा झाला कसा?

कंपनीतून गाडी आली तेव्हा वायरिंग साधीच होती. हेडलाईट, हॉर्न, वायपर, चार्जिंग, सेल्फ आणि इंडिकेटर, एवढंच काम. पुढे ३०-४० वर्षांत प्रत्येक मालकाने काहीतरी वाढवलं. कुणी टेप बसवला, कुणी मोठा हॉर्न, कुणी फॉग लॅम्प, कुणी पंखा. प्रत्येक वेळी मूळ वायर सोलायची, नवी वायर पिळायची आणि वर टेप मारायची. त्यात बॉनेटखालच्या उष्णतेने वायरीवरचं प्लास्टिक कडक होतं. वाकवलं की तडकतं. आतली उघडी तार गाडीच्या पत्र्याला लागली की शॉर्ट सर्किट.

गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे पॉझिटिव्हची उघडी वायर पत्र्याला कुठेही टेकली तरी शॉर्ट होतो. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगची मुख्य वायर फ्यूजशिवायच असायची. फ्यूज नसेल तर वायरच लाल होते आणि जळते. शेजारी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर असतो. पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको.

आधी सुधारणा, नंतर झाकणं

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मग सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी लावून ‘उजवा हेडलाईट’, ‘हॉर्न’, ‘चार्जिंग’ असं लिहा. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, रंगावर विसंबू नका.

नंतर वायरींची छाननी करा. कोणतंच काम न करणाऱ्या वायरी मुळापासून काढून टाका. कडक झालेली, तडकलेली किंवा टेपचे अनेक जोड असलेली वायर दुरुस्त करत बसू नका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग नवी टाका. घरातली किंवा पंपाच्या स्टार्टरची उरलेली वायर वापरू नका. गाडीसाठी बारीक तारांची, तेल आणि उष्णता सोसणारी ऑटो वायर मिळते. जाड तारांची वायर इंजिनच्या थरथरण्याने आतून तुटते.

हेडलाईटचं गणित

६० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब म्हणजे १२० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे वायरीतून साधारण १० अँपिअर करंट जातो. हाच करंट चाळीस वर्षं जुन्या स्विचमधून गेला की स्विच तापतो आणि दिवे मंद पडतात. दिवे मंद म्हणून कुणी १०० वॅटचे बल्ब टाकतो. मग करंट १६-१७ अँपिअरवर जातो आणि वायरिंग वितळायला लागते.

यावर उपाय रिलेचा. रिले लावला की स्विचमधून अगदी थोडा करंट जातो आणि दिव्यांचा करंट बॅटरीकडून जाड वायरीने थेट येतो. या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. दोन ६० वॅटच्या बल्बसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तार गुंडाळणं म्हणजे राखणदाराला घरी पाठवून दार उघडं टाकणं.

वायर कुठून न्यायची?

वायरिंग दिसू नये यासाठी ती मडगार्डच्या आतल्या कडेने, पत्र्याच्या घडीखालून नेता येते. पण काही गोष्टी पाळा.

– गरम सायलेन्सरच्या तोंडापासून वायर लांब ठेवा. पेट्रोलच्या नळीला वायर बांधू नका.
– प्लगच्या जाड वायरी इतर वायरींच्या जुडग्यात घालू नका, त्या वेगळ्याच न्या.
– पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्याची धार हळूहळू वायर कापते.
– काळ्या नालीदार पाईपमधून वायरी न्या. पाईपची चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही.
– वीतभर अंतरावर क्लिप लावा. इंजिनकडे जाणाऱ्या वायरीला थोडी ढील द्या, कारण इंजिन रबरावर हलतं.
– इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी नवी टाका. जुनी गंजलेली असेल तर सेल्फ नीट फिरत नाही आणि दिवे लुकलुकतात.

जोड लपवू नका

वायर लपवली तरी चालते, जोड, फ्यूज आणि रिले मात्र लपवायचे नाहीत. अनेक ठिकाणी फ्यूजबॉक्स बॅटरीखाली किंवा डॅशबोर्डच्या आत ठेवतात आणि जोडांवर पाईप चढवून टाकतात. बॉनेट देखणं दिसतं, पण रात्री नऊ वाजता घाटात दिवे गेले तर फ्यूज शोधणार कुठे? जिथे हात पोहोचतो, टॉर्चच्या उजेडात दिसतं आणि पाणी पडत नाही, अशीच जागा निवडा. जोड पिळून टेप मारण्यापेक्षा लग दाबून घ्या आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

ग्रामीण भागात आणखी एक शत्रू आहे, उंदीर. धान्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीत ते बॉनेटखाली घर करतात. वायरी पूर्ण झाकल्या असतील तर कुरतडलेलं दिसतही नाही. गाडी महिनाभर उभी असेल तर सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून बघा.

काम झाल्यावर तपासा

सगळे स्विच आणि इग्निशन बंद ठेवा, दारं लावा. निगेटिव्ह केबल आणि बॅटरीचा टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. लॅम्प पेटला तर कुठेतरी करंट गळतोय. तो सापडेपर्यंत केबल जोडू नका. नंतर मीटरने मोजा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट असतात. अल्टरनेटर असलेली गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास हवेत.

शेवटी अर्धा तास हेडलाईट लावून इंजिन चालू ठेवा आणि वायरींना, रिलेला, फ्यूजबॉक्सला हात लावून बघा. हाताला चटका बसला तर तिथे जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे.

गाडी १५ वर्षांहून जुनी असेल तर नोंदणी नूतनीकरणासाठी ती आरटीओत दाखवावी लागते. तिथे दिवे, हॉर्न, इंडिकेटर चालू असावे लागतात. पण खरी परीक्षा घरच्या माणसांना बसवून गाडी रस्त्यावर काढताना असते. म्हणून मिस्त्रीकडून गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला लावा आणि एवढंच विचारा, ‘‘दादा, फ्यूज कुठे आहे, दाखवा.’’ त्याने लगेच बोट ठेवून दाखवला, तर काम योग्य दिशेने झालं. पाईप उचकटायला लागला, तर पैसे देण्याआधी ते काम परत करून घ्या.