वही लिहिणारा आणि वही तपासणारा

जो मुनीम वही लिहितो, त्यालाच ती तपासावयास कोणी शहाणा व्यापारी सांगत नाहीं. मुनीम लबाड असतो म्हणून नव्हे, तर आपली चूक आपणांस सहसा दिसत नाहीं म्हणून. राज्यकारभारांत न्यायालयाचें काम वही तपासणाराचें आहे. न्यायखातें हें सरकारच्या अनेक खात्यांपैकीं एक खातें, असा जो समज कित्येकांच्या मनांत अद्याप आहे तो आम्हांस घातक वाटतो.

इंग्रजी अमदानींत मात्र तशीच स्थिति होती. जिल्ह्याचा कलेक्टर तोच मॅजिस्ट्रेट. ज्याच्या हुकमतींत पोलीस, त्याच्याच हातीं शिक्षा! हे दोन अधिकार वेगळे करावे, अशी मागणी राष्ट्रीय सभेनें आरंभींच्या अधिवेशनांपासून केली. पुढें संविधानाच्या ५० व्या कलमानें सरकारास तसा निर्देश दिला. मुंबई राज्यांत १९५१ सालीं त्याप्रमाणें कायदा झाला. आणि १९७३ च्या फौजदारी संहितेनें, १ एप्रिल १९७४ पासून, हें तत्त्व बहुतेक देशभर लागू झालें.

परंतु कायद्यानें खुर्ची वेगळी होते, कणा मिळत नाहीं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल खुद्द राघोबादादांस दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव आपण अभिमानानें घेतों. तशीच कसोटी २८ एप्रिल १९७६ रोजीं आली. आणीबाणींत विनाचौकशी तुरुंगांत टाकलेल्या मनुष्यास न्यायालयाचें दार ठोठावतां येईल काय, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चौघांनीं ‘नाहीं’ म्हटलें. न्यायमूर्ति हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. पुढल्याच वर्षीं त्यांस डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें व त्यांनीं राजीनामा दिला. त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ सालीं तो बहुमताचा निर्णय चूक ठरविला. एकाचें बरोबर होतें, हें कबूल करावयास एकेचाळीस वर्षें लागलीं!

यावर कोणी म्हणेल, न्यायाधीशांस लोकांनीं निवडलेलें नाहीं. त्यांनीं लोकनियुक्त सरकारास कां अडवावें? आमचें उत्तर सरळ आहे. बहुमतानें राज्य चालवावें. पण आपण कायद्याची मर्यादा ओलांडली कीं नाहीं, हें बहुमतानेंच ठरवूं नये. आज जो बहुमतांत आहे तो उद्यां अल्पमतांत जाईल, तेव्हां त्यालाही याच दाराशीं यावयाचें आहे.

मात्र तें दार उघडें पाहिजे. आज देशांत पांच कोटींच्या घरांत खटले तुंबले आहेत. दर दहा लाख लोकांमागें सुमारें दहा असलेले न्यायाधीश पन्नास करावे, अशी शिफारस विधि आयोगानें १९८७ सालीं केली. अद्याप ती संख्या पंचवीसापर्यंतही पोंचलेली नाहीं. ज्या व्यापाऱ्याची उधारी दहा वर्षें कोर्टांत अडकते, किंवा ज्या विधवेस घराचा ताबा नातवंडांच्या काळीं मिळतो, त्यांस न्यायालयाच्या स्वातंत्र्याचा काय उपयोग? रिकाम्या जागा भरणें आणि स्वतःचे निरर्थक दावे मागें घेणें, हीं दोन्ही कामें सरकारच्या हातचीं आहेत. आमचे वाचक मत मागावयास येणाराला रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांविषयीं विचारतात. यापुढें त्यांनीं आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या गांवचें न्यायासन रिकामें कां?