ओंकार-मांधाता : नर्मदेच्या बेटावरील नगर

आपणा व्यापाऱ्यांचा प्रवास बहुधा मालाच्या मागे होतो. नागपूर, इटारसी, इंदूर ही शहरे आम्हांस बाजारभावावरून ठाऊक. त्यांच्याशी निवांत परिचय करून घेण्याचा योग क्वचितच येतो. ओंकारेश्वराच्या बाबतीत माझे असेच झाले होते.

१९८६ च्या चैत्रात तीर्थरूप वडिलांसह पांढुर्ण्याहून निघालो. इटारसी, खंडवा करीत मीटरगेजच्या गाडीने मोरटक्क्यास उतरलो व पुढे मोटारीने ओंकारेश्वर गाठले. दोन तासांत सर्व आटोपले. पलीकडच्या तीरावर सिद्धवरकूट दिसत होते. तेथे जाण्याची वडिलांची फार इच्छा होती. पण सौंसरास गव्हाची आवक ऐन भरात, आणि दुकान मुनिमावर सोडलेले. "नावेत वेळ जाईल, गाडी चुकेल, पुढच्या वर्षी येऊ," असे मी म्हणालो. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते नव्हते.

गेल्या कार्तिकात सौभाग्यवतीसह पुन्हा गेलो, तो मुद्दाम तीन दिवसांसाठी. मीटरगेजची ती गाडी आता बंद झाली आहे. खंडव्याहून मोटारच करावी लागते.

मांधाता हे बेट नर्मदेच्या दोन प्रवाहांमध्ये वसले आहे. उत्तरेकडील प्रवाहास येथे कावेरी म्हणतात. दक्षिणेतील कावेरी ती ही नव्हे. बेटाचा आकार ॐ सारखा आहे असे सांगतात. मला जमिनीवरून तो काही दिसला नाही. परिक्रमा सुमारे ७ किलोमीटरची आहे. वाटेत टेकडीवर गौरी सोमनाथ व सिद्धनाथाची प्राचीन मंदिरे लागतात. सिद्धनाथाच्या जोत्यावर कोरलेले हत्ती पाहत आम्ही अर्धा तास बसलो. दक्षिण तीरावरील ममलेश्वरात इ. स. १०६३ चा शिलालेख आहे. आद्य शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा मात्र २०२३ मधला.

पहाटे पुलावर एक हमाल पाठीवर गव्हाचे पोते घेऊन येताना दिसला. हमालीचा दर विचारल्यावाचून मला राहवले नाही. आमच्याकडील दरापेक्षा तो अधिक होता. पण पूल आणि पुढच्या पायऱ्या पाहिल्यावर घासाघीस करणारा व्यापारी विरळाच!

बेटाच्या वरच्या अंगास ५२० मेगावॉटचे धरण आहे. २००७ पासून तेथे वीज तयार होते. पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो, आणि तो वाजताच घाटावरील माणसे मुकाट्याने वर सरकतात. एप्रिल २००५ मध्ये नदीच्या वरच्या भागात धाराजी येथे, इंदिरासागर धरणातून सोडलेल्या पाण्यात मेळ्याचे अनेक यात्रेकरू वाहून गेले होते. नदीकाठच्या लोकांना ते विसरता येण्याजोगे नाही.

तिसऱ्या दिवशी नाव केली. सिद्धवरकूट हे दोन चक्रवर्ती, दहा कामदेव व साडेतीन कोटी मुनींची निर्वाणभूमी मानली जाते. मध्यंतरी विस्मृतीत गेलेल्या या क्षेत्राचा एकोणिसाव्या शतकात इंदूरचे भट्टारक महेंद्रकीर्ति यांनी पुनरुद्धार केला. मंदिरांभोवती इतकी शांतता, की नदीचा आवाज ऐकू येत होता.

कार्यालयात दानाची पावती फाडताना नाव विचारले. मी वडिलांचे सांगितले. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही.

बाहेर आलो तेव्हा नावाडी थांबलाच होता. "शेटजी, किती वाजता परतायचे?" त्याने विचारले. त्यास दुपारपर्यंतचे पैसे आगाऊ दिले, आणि आम्ही पुन्हा आत जाऊन बसलो.