गोठ्यातील चिखल : मृगापूर्वी करावयाची तजवीज

पावसाळ्यात गोठ्यात चिखल झाला म्हणजे जनावरांचे खूर मऊ पडून कुजतात व दुभत्या गाईम्हशींना कासदाह (दगडी) होण्याचा संभव वाढतो. चिखलावर माती टाकल्यास चिखलच वाढतो. म्हणून पाण्याचा बंदोबस्त मृगापूर्वीच करावा.

गोठ्याची जमीन भोवतालच्या जागेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच घ्यावी. तीवर मुरूम पसरून, पाणी शिंपून धुमसाने चोपावा आणि नालीकडे दर मीटरास अडीच सेंटिमीटर उतार ठेवावा. पागोळ्यांचे पाणी बाहेरून चर खणून दूर काढावे. मूत्र मात्र नालीने खतखड्ड्यात न्यावे, म्हणजे त्यातील नत्र पिकास मिळते. दारापाशी व हौदाभोवती वर्दळीने जमीन उखडते. तेथे दगडांची फरसबंदी करावी.

ही कामे उन्हाळ्याच्या सवडीत घरच्या मेहनतीने होण्यासारखी आहेत.