माशाच्या पोटात पुरण!

तोक्योला ऑनसाइट चाललेल्या मराठी माणसाच्या बॅगेत काय असतं, हे आता पाठ झालंय. कुकर, पोहे, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि वर 'तिकडे खायचे हाल होतात हं' हा प्रेमळ सल्ला. मग घर घ्यायचं निशी-कासाईत, कारण तिथे आपली वस्ती, आपला किराणा. ऑफिस, घर, वीकेंडला इंडियन रेस्टॉरंट... तोक्यो राहतं बाजूला!

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे मी दीड वर्ष तिथे होते. माझं लिखाण मराठीत, घरी बोलणं मराठीत आणि दुकानात बोट दाखवून खरेदी. दिवसच्या दिवस बाहेरच्या एकाही माणसाशी वाक्यभर बोलणं व्हायचं नाही. लोकांना बोलतं करून पोट भरणाऱ्या मुलीचं यात काय होत असेल, विचारूच नका.

त्यातून मला बाहेर काढलं एका माशाने. नाव ताइयाकी.

'ताइ' हा जपान्यांचा शुभकार्यातला मासा आणि 'याकी' म्हणजे भाजलेलं. पण नाव आणि आकार सोडला, तर माशाशी संबंध शून्य. मैद्याचं सरसरीत पीठ माशाच्या लोखंडी साच्यात ओतायचं, मध्ये सारण भरायचं, साचा मिटून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचं. खवले, कल्ले, शेपूट, सगळं झकास उमटतं. स्टेशनजवळच्या टपरीवर एक आजोबा हे करत असायचे. थंडी मी म्हणत होती, वास सॉलिड होता, घेतला एक. पहिला घास घेतला आणि तिथेच थबकले. अरे, हे तर पुरण!

म्हणजे अगदी पुरण नाही, पण चुलतभाऊ नक्की. त्याला म्हणतात आन्को. मूग, उडीद, चवळी यांच्या खानदानातले 'आझुकी' नावाचे बारीक लाल दाणे शिजवतात, तुरटपणा जावा म्हणून पहिलं पाणी फेकून देतात (कटाच्या आमटीवाल्यांनी डोळे मिटावेत) आणि साखर घालून आटवत बसतात. दाणे थोडे अख्खे ठेवले तर 'त्सुबुआन', गाळून मऊसूत केलं तर 'कोशिआन'. पुरणयंत्राचा व्याप तिकडेही आहेच! फक्त वेलची-जायफळ नाही, त्यामुळे गोडवा जरा अबोल वाटतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर म्हणाली, "बरं आहे गं, पण नैवेद्याला कसं ठेवायचं ते?"

मग जायला लागले रोज. 'हितोत्सु कुदासाइ' म्हणजे 'एक द्या', हे माझं पहिलं जपानी वाक्य. आजोबा दरवेळी कणभर पुढचं शिकवायचे. डोकं म्हणजे 'अतामा', शेपूट म्हणजे 'शिप्पो'. खायला सुरुवात कुठून करायची, यावर तिथे चक्क दोन पार्ट्या आहेत! शेपटीपर्यंत आन्को हवं की शेपूट कोरडी कुरकुरीत हवी, हा वाद वेगळाच. चालता चालता खाणं तिथे फारसं बरं दिसत नाही आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबेही क्वचितच. त्यामुळे टपरीशीच उभं राहून खायचं, कागद तिथेच द्यायचा. पाच मिनिटं आपोआप गप्पांची!

याचं मूळ घर म्हणून तोक्योतल्या अझाबु-जुबानचं 'नानिवाया' हे 1909 सालचं दुकान सांगतात. निंग्योचोचं 'यानागिया' आणि योत्सुयाचं 'वाकाबा' धरून हे तिघं तोक्योचे दादा. खरा ताइ महागडा, सणासुदीला मिळणारा. म्हणून सामान्य माणसाला निदान त्याच्या आकाराचं काहीतरी, असा तो फंडा होता म्हणे. एकेक मासा सुट्या साच्यात भाजला की दर्दी लोक त्याला 'समुद्रातला' म्हणतात आणि एका पत्र्यावर घाऊक भाजले की 'तळ्यात पाळलेले'. माझं मत? समुद्रातलाच. त्याचं कवच पातळ आणि कडेला कुरकुरीत असतं.

आणि ऑफिसला जाणाऱ्यांसाठी खास बात. 1975च्या डिसेंबरात या माशावर मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं एक गाणं आलं. तव्यावरच्या रोजच्या भाजण्याला वैतागलेला ताइयाकी मालकाशी भांडून समुद्रात पळतो, मजेत पोहतो आणि शेवटी गळाला लागून खाल्ला जातो. मुलांचं गाणं, पण नोकरदार बाप्ये त्यावर फिदा! पंचेचाळीस लाखांवर रेकॉर्ड्स खपल्या, जपानमधली सर्वाधिक खपाची सिंगल. गायक मासातो शिमोनला मात्र ठरलेले 50 हजार येन, रॉयल्टी नाही. फ्रीलान्सर मंडळी, ऐकताय ना?

होळीला आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांचं जेवण होतं. पुरण घालायचा उरक कुणाला नव्हता, म्हणून मी म्हटलं, डझनभर ताइयाकी आणते. तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न, "अंडं असतं का गं त्यात?" काही ठिकाणी पिठात घालतात, त्यामुळे शंका रास्त होती. रात्रभर वाक्य घोकलं आणि सकाळी टपरीवर विचारलं, "तामागो, हाइत्तेमास का?"

आजोबांनी हातातला साचा खाली ठेवला आणि पिठाचं भांडं माझ्यासमोर धरून चांगलं दोन मिनिटं समजावलं. त्यातलं निम्मं कळलं. अंडं नव्हतं.